काचेपलीकडचा अबोला

"काचेवर टकटक करायची नाही," तन्वीर सर मला म्हणाले. "हातवारे पण नाहीत. अक्कांचं लक्ष जातं."

"ती कुठं बघतीय माझ्याकडं," मी म्हणाले.

खरंच बघत नव्हती. आई काचेपलीकडच्या खोलीत पाटावर बसली होती. पुढ्यात चूल, डाव्या हाताला काटवट, उजव्या हाताला पाण्याचं भांडं. डोक्यावर पत्र्याचं मोठं धुराडं, त्यात कुठंतरी पंखा. खोली एवढीशी. दाराला चहूबाजूनं रबराची पट्टी आणि बाहेरनं दोन खिट्या, एक खाली, एक पार वर. थंडीचे दिवस होते, डोंगरावरचं गाव, खिडक्या पण गच्च बंद. दार लावलं तेव्हा फ्रिज लावल्यासारखा आवाज आला. मला तो आवाज आवडला नाही. पण मला तेव्हा काहीच आवडायचं नाही, त्यामुळं मी गप्प बसले.

आमचा आदल्या संध्याकाळपासनं अबोला होता.

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. मी सोळाची. नववीत शाळा सोडलेली. सोडली म्हणजे काय, एका सरांनी आईच्या कामावरनं काहीतरी म्हटलं, मी डस्टर फेकला, तो त्यांच्या चष्म्याला लागला आणि विषय संपला. तेव्हापासनं मी कुठंही काही बोलले की लोक आधी माझ्या हाताकडं बघायचे. आई म्हणायची, सतरा नंबरचा फॉर्म भर, शाळा सोडलेल्यांना घरनं दहावीला बसता येतं. मी म्हणायची, नाही. त्या संध्याकाळी गेस्ट हाऊसवर तेच निघालं.

"मग फॉर्म भरीस्तवर मी तुझ्याशी बोलायची न्हाई," आई म्हणाली.

"नको बोलू."

आईचा अबोला म्हणजे चेष्टा नव्हे. मामाशी एका म्हशीवरनं दोन वर्षं बोलली नव्हती. म्हैस मेली तरी बोलली नव्हती.

आता आम्ही तिथं काय करत होतो ते सांगते. ती चूल नवी निघालेली, कमी जळणाची, बिनधुराची. उसाच्या चिपाडाच्या बोटाएवढ्या कांड्या करतात, त्या वरनं टाकायच्या, खालनं एक छोटा पंखा वारा देतो. चूल करणारे म्हणायचे धूर इतका कमी, जळण इतकं कमी. पण आपल्या ताकाला आंबट कोण म्हणणार? म्हणून तीन लॅबनी मिळून ठरवलं, एकच चूल तिन्हीकडं फिरवायची, ज्यानं त्यानं मोजायचं, आकडे जुळले तर खरं. पहिल्या खेपेला जुळलेच नाहीत. कारण काय, तर चूल एक पण भाकरी करणाऱ्या तीन. एक जाळ मोठा करती, दुसरी बारीक. मग ठरलं की चुलीबरोबर भाकरी करणारी पण एकच फिरवायची. मिरजेच्या भाकरी केंद्रातनं आईला उचललं.

"चूल, कांड्या, पीठ आणि केराबाई," आई गाडीत बसताना म्हणाली होती. "मला बी पेटीत घाला की सर, म्हंजे तिकीट वाचंल."

तन्वीर सर हसले होते. ते चुलीबरोबर फिरणारे. तन्वीर मुजावर, आमच्याच भागातले, आईला अक्का म्हणायचे. तिन्ही लॅबमधे सगळं सारखं होतंय का बघणं हे त्यांचं काम. चांगला माणूस. पण सारखं म्हणजे सारखं. पाण्याच्या भांड्याची जागा पण बोटानं मोजायचे. आणि चालू असताना भाकरी करणाऱ्या बाईशी बोलायचं नाही हा नियम त्यांचाच, कारण मागं एक बाई बोलण्याच्या नादात जाळाकडं बघायची विसरली होती. मी आईबरोबर पीठ मळायला, भांडी घासायला. सर म्हणाले होते, हे नीट पार पडलं तर तिन्ही लॅब मिळून अक्कांना कायम ठेवतील आणि तुलाही. मला भाकरी केंद्रातनं सुटायचं होतं. लई सुटायचं होतं.

पहिल्या दोन लॅब झाल्या होत्या. ही तिसरी, शेवटची.

इथले मोठे साहेब बिडकर सर. स्वेटर, मफलर, कानटोपी. त्यांनी धुराड्यातल्या पंख्याच्या बटणावर हात ठेवून विचारलं होतं, "कितीवर?"

"दोनवर," तन्वीर सर म्हणाले. "सगळीकडं दोनच ठरलंय."

"आम्ही एरवी पाचवर ठेवतो."

"सर, दोघांनी दोनवर केलंय. आता इथं बदललं तर आकडे कसे जुळणार?"

"बरं. दोन तर दोन."

मी हे ऐकलं. आणि एक गोष्ट बघितली पण. तिन्हीकडं धुराड्याच्या तोंडाला एक लोकरीचा लाल दोरा बांधलेला असायचा. आधीच्या दोन्ही ठिकाणी तो दोरा वर ओढला जायचा, शेपटी ताठ केलेल्या मांजरासारखा. इथं तो खाली लोंबत होता, जरासा हलत होता. मला वाटलं, इथला दोरा जड असंल.

आईनं चूल पेटवली. जाळ निळा-पिवळा वर आला, मग सारखा झाला. तिनं पहिली भाकरी थापली. माझ्या आईची भाकरी बघायला लोक थांबायचे. काटवटीत पीठ असं फिरतं की हात हलतोय का पीठ हलतंय कळत नाही. तव्यावर टाकली, वरनं पाण्याचा हात फिरवला, पाणी आटलं की उलटली, मग तवा सरकवून आरावर धरली. टम्म. बाजूला ठेवली. दुसरी. तिसरी. बिडकर सरांच्या पडद्यावर रेषा चालली होती. तन्वीर सर खुश. मी हाताची घडी घालून उभी.

मधेच जाळ खाली बसला. हे आधी पण व्हायचं. कांड्यांचा धूर-जाळ संपला की नुसते लालभडक निखारे राहतात. दिसायला एकदम स्वच्छ. धूर म्हणून नाही. आईला निखाऱ्यावर भाकरी करायला आवडायचं, म्हणायची आता कुठं चूल चुलीसारखी झाली.

पाचवी का सहावी भाकरी. तिनं तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. मग परत पाण्याचा हात फिरवला.

मी घडी सोडली.

मग तिनं हाताच्या पाठीनं कपाळ पुसलं. पीठ लागलं भुवईला. तसंच ठेवलं. माझ्या आईला तोंडाला पीठ लागलेलं चालत नाही. खांद्यानं का होईना पुसती.

"सर," मी म्हणाले, "आईला काहीतरी होतंय."

तन्वीर सरांनी काचेतनं बघितलं. "काय होतंय? करतायत की."

"पाणी दोनदा लावलं."

"अगं, लावलं असेल."

"दोनदा लावत नाही ती."

बिडकर सरांनी मान वळवली. "मुली, जरा हळू."

आणि मग आईनं वर बघितलं. सरळ माझ्याकडं. आणि हसली.

तुम्हाला वाटेल बरं झालं, राग गेला. मी काचेला जाऊन चिकटले. ती बाई दोन वर्षं सख्ख्या भावाशी बोलली नाही, ती रात्र उलटत नाही तोवर माझ्याकडं बघून हसंल? आणि ते हसणं माझ्यासाठी नव्हतंच. लग्नाच्या फोटोत अनोळखी माणूस हसतो तसं. डोळे माझ्यावर होते पण मी त्यात नव्हते.

"सर, दार उघडा."

"वैजू—"

"दार उघडा सर. ती हसली माझ्याकडं."

"हसली म्हणून दार उघडू?" तन्वीर सर माझ्यापुढं येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. बघितलंच. "हे बघ, तुमचं दोघींचं भांडण झालंय मला माहितीय. आता दार उघडलं की हवा आत जाते, सगळं बाद. इथलं बाद म्हणजे तिन्हीकडचं बाद. एवढी थंडी संपेपर्यंत परत करता येणार नाही. थोड्या राहिल्यात. अक्का थकल्या असतील. त्या नाही म्हणाल्या तर मी थांबवेन ना."

"ती नाही म्हणणारच नाही!"

"ओरडू नकोस."

माझं डोकं फिरतं तेव्हा आधी कान तापतात. मला ठाऊक आहे माझं. त्या दिवशी कान गार पडले होते. हात गार, पाय गार. मला राग आलाच नव्हता, मला भीती वाटत होती. पण मी बोलले की सगळ्यांना रागच ऐकू यायचा. म्हणून मी आवाज खाली आणला, इतका खाली की माझाच मला ओळखू येईना. हात जोडले.

"सर, पाया पडते. एकदा तिला हाक मारून बघा. बास. ओ दिली तर मी बाहेर जाऊन बसते."

तन्वीर सर थबकले. बिडकर सरांकडं बघितलं. बिडकर सर पडद्याकडं बघत म्हणाले, "रेषा चांगली आहे की..."

काचेपलीकडं तव्यावरची भाकरी काळी पडत होती. कडेनं आत, आत. आई त्या भाकरीकडं बघत होती. नुसती बघत होती, पावसाकडं बघावं तसं. मी माझ्या आख्ख्या जन्मात आईची भाकरी करपलेली बघितली नव्हती.

मग तिनं काटवटीतला गोळा उचलला. तव्यावर, त्या करपल्या भाकरीवर ठेवला. आणि थापायला लागली.

तापल्या तव्यावर. हातानं.

हात मागं घेतलाच नाही.

मी काय ओरडले आठवत नाही. खालची खिटी मी खेचली. वरची माझ्या हाताला येईना. मी उड्या मारत होते, नखं पत्र्यावर वाजत होती, तन्वीर सर मागनं आले आणि मला वाटलं मला ओढणार. त्यांनी वरची खिटी उलटी फिरवली. दार फुस्स करून सुटलं.

"श्वास घेऊ नको आत!" ते ओरडले. "वैजू, श्वास धर!"

मी कुठला धरतेय. आत काहीच वास नव्हता. तेच लई भयंकर होतं. भाकरीचा करपट वास, बास. धूर नाही, डोळे चुरचुरणं नाही. माणूस मरंल असं तिथं काहीच दिसत नव्हतं. मी आईच्या काखेत हात घातले. ती जड झाली होती. माझी आई हलकी आहे, मी तिला खेळात उचलायची. तेव्हा ती भिजलेल्या पोत्यासारखी. तन्वीर सरांनी पाय धरले. बिडकर सर दारातनं "बाहेर, बाहेर, उन्हात!" म्हणत आमच्या मागं मागं. त्यांची टोपी पडली ती तशीच.

व्हरांड्यात उन्हात तिला निजवली. डोळे अर्धे उघडे. गाल लाल, तापातल्या पोरीसारखे. उजव्या हाताचा तळवा मी बघितला आणि परत बघितला नाही.

"बोलत ठेव तिला," तन्वीर सर म्हणाले. "झोपू देऊ नको. मी गाडी आणतो." आणि पळाले.

"आये. आये, बोल."

नाही.

"आये, मी वैजू. बोल की गं."

तिनं डोळे माझ्याकडं वळवले. ओठ हलवले नाहीत.

आता सांगते ते कुणाला सांगितलं तर हसतात, पण तिथं मला हसू येत नव्हतं. मला कळेना की ती बोलू शकत नाहीये का बोलत नाहीये. अबोला चालू आहे का जीव चाललाय. दोन्ही सारखंच दिसत होतं. मी तिचं तोंड हातात धरून म्हणाले, "भरते गं फॉर्म! भरते! सतरा नंबरचा, अठरा नंबरचा, तू म्हणशील तो भरते! बोल आता! आये, बोल!"

बिडकर सर शेजारी गुडघ्यावर बसले होते. "केराबाई," ते म्हणत होते, "केराबाई, ऐकू येतंय का?" त्यांचा आवाज थरथरत होता. एवढा मोठा माणूस भ्यालेला बघून मी आणखी भ्याले.

आई बोलली नाही. डोळे मिटायला लागली. मी गालावर मारलं. आईला मारलं मी. परत उघडले. परत मिटायला लागली, परत मारलं. गाडी येईपर्यंत हेच. गाडीत हेच. घाटातली वळणं, तिचं डोकं माझ्या मांडीवर, आणि मी जे तोंडाला येईल ते विचारतेय. मीठ कुठं ठेवलंस? मामाच्या म्हशीचं नाव काय होतं? भाकरी कशी उलटतात? एकाचंही उत्तर नाही. तन्वीर सर पुढं ड्रायव्हरशेजारी बसून फोनवर दवाखान्यात सांगत होते, "बंद खोलीत निखाऱ्यांचा विषारी गॅस, हो, ऑक्सिजन तयार ठेवा," आणि मधे मधे मागं वळून मला, "बोलत राहा, थांबू नको."

सरकारी दवाखान्यात तिच्या तोंडावर मास्क लावला. डॉक्टरीणबाई लहान दिसत होत्या, पण हात भराभर चालत होते. म्हणाल्या, "अजून थोडा वेळ राहिली असती तर उचलून आणायचा उपयोग नव्हता. कुणी बघितलं?"

तन्वीर सरांनी माझ्याकडं बोट केलं आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

मी बाहेर बाकावर बसले. बिडकर सर दुसऱ्या गाडीतनं आले. ते परत त्या खोलीत जाऊन आले होते, दारं-खिडक्या उघडून. ते तन्वीर सरांना म्हणाले, "आमचा दोन आणि बाकी दोघांचा दोन एक नाहीये. त्यांचे पंखे मोठे आहेत, तन्वीर. मी पाचवर केल्यावर दोरा उठला."

दोरा. मला तो लोंबणारा लाल दोरा दिसला. मी बघितला होता आणि जड समजून सोडला होता.

"आणि गॅस साठला की वाजतो तो भोंगा?" तन्वीर सर म्हणाले. "तुमच्या खोलीत असतो ना?"

"आमचा मी काढून ठेवला. मला वाटलं तुमच्या पेटीत येतो. सगळीकडं एकच असावा म्हणून."

"मला वाटलं इथला आहे."

दोघं समोरच्या बाकावर टेकले. मला वाटलं होतं आता माझं डोकं फिरेल, कान तापतील, काहीतरी फेकून मारेन. बाकाशेजारी सलाईनची मोकळी बाटली पण होती. पण ती दोन मोठी माणसं अशी बसली होती की त्यांना मारायला काही शिल्लकच नव्हतं. बिडकर सरांनी तिथूनच फोन लावला. बाकीच्या दोन्ही लॅबना. काय झालं ते सगळं सांगितलं, स्वतःचं पण, गाळलं काही नाही. शेवटी म्हणाले, "आकडे राहू द्या. तुमच्याकडं आत कोण बसलंय ते आधी बघा."

ऊन उतरायच्या सुमाराला नर्सनं आत बोलावलं. आईच्या हाताला पांढरं बँडेज, तोंडावर मास्क, केसात अजून पीठ. डोळे नेहमीचे. म्हणजे तिचे.

"आये?"

तिनं डाव्या हातानं मास्क वर केला. नर्स ओरडली. आईनं तिला हातानं थांब केलं आणि माझ्याकडं नाही, माझ्यामागं उभ्या तन्वीर सरांकडं बघितलं. आवाज घोगरा, तुटका.

"सर... फॉर्म भरते म्हनली ती. तुमी... ऐकलं न्हवं?"

"ऐकलं, अक्का," तन्वीर सर म्हणाले आणि रडायला लागले.

"ऐकू येत होतं तुला?" मी म्हणाले. "मग बोलायचं नाही होय? मी तिकडं मरत होते!"

"तोंड उचलत न्हवतं गं," आई म्हणाली, आणि नर्सनं मास्क परत लावला.

फॉर्म भरला. दहावी झाले, गणितात काठावर. त्यावर आता जास्त बोलत नाही.

आईच्या तळव्यावर गुळगुळीत डाग आहे. भाकरी अजून तशीच होते, फक्त आता उलटताना डावा हात वापरती. चूल तिन्ही लॅबमधे परत फिरली, पंख्याचा आकडा सोडून दोऱ्याकडं बघायचं ठरलं, भोंगा प्रत्येकाचा वेगळा. आणि तन्वीर सरांचा न बोलायचा नियम गेला. त्याच्या जागी नवा आला, तिन्हीकडं भिंतीवर लावलेला: आत बसलेल्याशी बाहेरच्यानं बोलत राहायचं. उत्तर आलं नाही तर दार उघडायचं, कुणाला विचारायचं नाही. बाहेरची म्हणजे मी. तेच माझं काम. वरची खिटी आता खाली घेतलीय, माझ्या हाताला येते.

परवा आमचं परत वाजलं. ह्यावेळी बारावीवरनं. आई सकाळपासनं गप्प. आत जाऊन बसली, दार लागलं, तोच फ्रिजसारखा आवाज. दोरा ताठ होता. मी बघितला, परत बघितला. निखारे लाल झाले.

"आये, मीठ घातलंस का?"

आई भाकरी थापत होती. मान खाली.

"आये."

काही नाही. मला माहीत होतं ती मुद्दाम करतीय. दोरा ताठ होता, भोंगा गप्प होता, मला शंभर टक्के माहीत होतं. तरी माझे कान गार पडले आणि हात खिटीवर गेला.

आईनं तिरप्या डोळ्यानं माझ्या हाताकडं बघितलं.

"घातलं गं, मुडदे! घातलं!"

तन्वीर सर हसले. मी पण हसले. पण सगळ्या भाकऱ्या होऊन ती बाहेर येईपर्यंत मी खिटीवरचा हात काढला नाही.